खोटं लिहा, मदत घ्या!

आमच्या शाळेजवळ, कुर्ल्यातल्याच एका गल्लीत, एक रिक्षावाला राहतो. त्याच्या सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे, मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात. मुलगा बोलत नाही, गर्दीत कानांवर हात ठेवतो. हॉस्पिटलच्या कितीतरी खेपांनंतर त्याला प्रमाणपत्र आणि पिवळं यूडीआयडी कार्ड मिळालं. दिव्यांगत्व ६० टक्के. फॉर्म मी भरून दिले होते, म्हणून कार्ड आलं त्या दिवशी त्याच्या आईने मला घरी बोलावून शीरखुर्मा खाऊ घातला.

मग आम्ही संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेऊन गेलो. उत्पन्नाचा रकाना पाहून समोरच्या माणसाने पेन खाली ठेवलं. "वर्षाला पन्नास हजारांच्या आत दाखवा. सगळे तसंच करतात." रिक्षावाला बाहेर आला आणि मला म्हणाला, "टीचर, बच्चे के नाम पे झूठ लिखवाऊँ क्या?"

अर्ज तसाच परत आणला.

या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला ४,१६६. कुर्ल्यात एवढ्यात खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही, मग खायचं काय? ज्याची कमाई खरोखर इतकी आहे तो इथे संसार करू शकत नाही, आणि जो संसार करतो तो खरं सांगून अर्ज करू शकत नाही. उरतो तो दाखला 'जमवणारा'. बोगस लाभार्थी बोगस लाभार्थी म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी ही अट वाचावी.

तिजोरीत पैसा नाही म्हणावं, तर २०२४ साली याच राज्याने 'लाडकी बहीण' आणली. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. योजनेला माझा विरोध नाही, माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी त्या पैशातून लाइटबिल भरलं जातं. पण हिशेब बघा: हीच बाई 'बहीण' म्हणून अडीच लाखांपर्यंत गरीब, आणि दिव्यांग मुलाची आई म्हणून पन्नास हजारांच्या वर गेली की श्रीमंत! २०२५ मध्ये दिव्यांगांचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार केलं, त्याचं स्वागतच आहे. पण दाराच्या आतली खीर वाढवून बाहेर उभ्या असलेल्याचं पोट भरत नाही.

महापालिकेचीही एक योजना आहे, धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाची. ४० ते ८० टक्के दिव्यांगत्वाला महिना हजार रुपये, त्याहून जास्त असेल तर तीन हजार. फक्त वय अठराच्या पुढे हवं. ऑटिझमच्या मुलाला स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी लागते ती लहानपणी. जितकी लवकर, तितका उपयोग. ती वर्षं हातातून गेल्यावर हजार रुपये देणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

आयकरात ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्वाला सव्वा लाखाची वजावट आहे. ती कर भरणाऱ्यांना. निरामय विमा एक लाखापर्यंतचा, त्यात थेरपीही बसते. पण आधी खिशातून भरा, मग बिलं पाठवा. ज्याचा खिसा रोज संध्याकाळी मोकळा होतो, त्याने आधी भरायचं कुठून?

१९९५ च्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. २०१६ च्या कायद्याने सातच्या जागी एकवीस दिव्यांगत्वं मानली, त्यात ते आलं. त्या कायद्याच्या नावातच 'हक्क' हा शब्द आहे. हक आणि खैरात यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता थोडं आपल्या लोकांशी. मूल बोलत नाही म्हटलं की आपण आधी नजर उतरवतो, मग तावीज बांधतो, मग "बहिणींची लग्नं व्हायचीत" म्हणून त्याला आतल्या खोलीत ठेवतो. प्रमाणपत्र नाही म्हणजे सरकारी कागदावर ते मूलच नाही. रमजानमध्ये आपण जकात काढतो, पण त्या आईबरोबर हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायला किती जण जातात? अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम काही विचारायला आले आणि कुरैशच्या सरदारांपुढे त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, तर सूरह अबसा उतरली. दारात आलेला गरजू आधी, सरदार नंतर. हा धडा आपण दर्समध्ये ऐकतो आणि चपला घालताना विसरतो.

मागण्या तीनच. उत्पन्नाची मर्यादा किमान 'लाडकी बहीण'इतकी करा. महापालिकेची मदत अठराव्या वर्षी नको, कार्ड मिळालं त्या दिवसापासून द्या. आणि थेरपी वॉर्डातल्या दवाखान्यात, मुलाच्या घरच्या भाषेत मिळू द्या.

डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. रिक्षावाल्याने विचारलेल्या प्रश्नाला मी 'हो' म्हणू शकले नाही, 'नाही' म्हणून त्याला दुसरा रस्ताही दाखवू शकले नाही. तो प्रश्न मी आता मंत्रालयाकडे पाठवते आहे: साहेब, मुलाच्या नावाने खोटं लिहू का?