आयडी सांभाळणारा स्टुडिओ

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या पोट्ट्यांना विचारा, गेम कोणता चांगला? ग्राफिक्सचं नाव शेवटी निघतं. आधी दोनच प्रश्न असतात: माझ्या फोनवर चालेल का, आणि माझी आयडी राहील का? स्टुडिओंची तुलना मी याच दोन प्रश्नांवर करतो. ट्रेलर पाहून मत बनवायचे दिवस गेले.

गरेनाने पहिला प्रश्न फार लवकर ओळखला. त्यांच्या फ्री फायर गेममध्ये खेळाडू 50, मॅच दहाएक मिनिटांची, आणि साध्या फोनवरही गेम चालायचा. गावोगाव पोचायला याहून मोठी जाहिरात लागलीच नाही. 14 फेब्रुवारी 2022 ला सरकारची बंदी आली, तरी फ्री फायर मॅक्स प्ले स्टोअरवर होता आणि जुनी आयडी तिथे चालत होती. पुढे याच कंपनीने धोनीला घेऊन ‘फ्री फायर इंडिया’ची घोषणा केली, 5 सप्टेंबर 2023 ही तारीख दिली आणि ऐन वेळी ती पुढे ढकलली. इतका मोठा चेहरा लावल्यावर तारीख पाळायलाच हवी होती.

क्राफ्टनचं काम मला अधिक मोलाचं वाटतं. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा पोरांची वर्षानुवर्षं कमावलेली रँक, यूसी हे गेममधलं चलन देऊन घेतलेल्या स्किन, सगळं अडकलं. जुलै 2021 मध्ये क्राफ्टनचा बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, आला तो जुन्या खात्यातला माल नव्या खात्यात आणायची सोय घेऊन. पैसे मोजलेल्या खेळाडूचा हक्क मानणं म्हणजे हेच. जुलै 2022 मध्ये बीजीएमआयही स्टोअरवरून हटला, मे 2023 मध्ये परतला. परतताना अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, इतरांना सहा तास अशी मर्यादा होती. घरच्यांना पटेल अशी ही अट होती.

‘फौजी’ या गेमने नेमकं उलटं केलं. पबजीवरच्या बंदीच्या दोनच दिवसांनी अक्षय कुमारने घोषणा केली, देशभर चर्चा झाली. 26 जानेवारी 2021 ला गेम हातात आला तेव्हा आत गलवानची एकट्याने खेळायची मोहीम निघाली. स्क्वॉड जमवून बसलेल्या मित्रांना त्यात जागाच नव्हती. देशप्रेमाच्या नावावर गर्दी जमवली, तर तिला रोज खेळण्यासारखं काही देणं ही जबाबदारी येते. ती पाळली गेली नाही, याचा मला अजून राग आहे.

पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’साठी एक कोटीहून जास्त पूर्वनोंदण्या घेतल्या. नोंदणी जानेवारी 2023 मध्ये सुरू झाली, गेम ऑक्टोबर 2024 मध्ये आला. मधल्या काळात निवडक खेळाडूंना चाचणीत घेतलं, हे चांगलं केलं. पण पोट्टे पावणेदोन वर्षं थांबत नाहीत; त्यांचा स्क्वॉड तोवर दुसऱ्या लॉबीत रमलेला असतो.

2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले आणि ई-स्पोर्टला मान्यता दिली. आता मैदान खऱ्या गेमचं आहे. म्हणून पुण्याच्या स्टुडिओंकडे दोन मागण्या. तक्रार मराठीत घ्या आणि उत्तरही मराठीत द्या. सौंसरमध्ये शाळा हिंदीत झाली तरी घरची भाषा मराठीच आहे. आणि स्किन विकण्याआधी त्याच पानावर लिहा: गेम बंद पडला तर या पैशांचं काय होणार.