राखणदार आहेत, जाणता कुठे आहे?

जंगल राखायचे म्हणजे काय करायचे, असे आपल्याकडे कुणालाही विचारून पाहा. उत्तर ठरलेले. कुंपण घाला, चौकी बसवा, गुरे हाकला, कोयते-कुऱ्हाडी जप्त करा आणि मोकळी जागा दिसेल तिथे झाडे लावा. मंत्री, मास्तर, मंडळांचे अध्यक्ष आणि आमच्यासारखे लिहिणारे, सगळ्यांचे या बाबतीत जेवढे एकमत आहे तेवढे सीमाप्रश्नावरही कधी झाले नाही. या एकमतानेच आपल्या माळांचा घात केला, असे माझे मत आहे.

लांब जायला नको. बेळगावहून धारवाड-हुबळीमार्गे हावेरी ओलांडली की राणेबेन्नूर लागते. १९७४ साली तिथे काळविटांसाठी ११९ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. काळवीट हा उघड्या गवताचा प्राणी. त्याच मुलखात माळढोकही असे. कन्नडमध्ये त्याला ‘एरेभूत’ म्हणतात. ‘एरे’ म्हणजे काळी जमीन. पक्ष्याच्या नावातच त्याचा पत्ता सांगून ठेवला आहे. आणि या पत्त्यावरच्या जमिनीचा मोठा भाग कशाखाली आहे? निलगिरीच्या लागवडीखाली. काळवीट चिवट, ते निभावून गेले. माळढोक गेला. तो जाण्याला शिकारही कारण आहे, पसरत गेलेली शेतीही आहे, हे मान्य. पण चारी बाजूंनी लांबवर नजर पोचली नाही तर जो पक्षी उतरायलाच धजत नाही, त्याच्या माळावर सरळसोट झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्याला आपण ‘वनीकरण’ म्हटले! सरकारी नकाशांत गवताळ आणि खुरट्या झुडपांच्या जमिनी अजूनही पडीक जमिनींच्या यादीत सापडतात. ज्या दफ्तरात कुरणाला ‘पडीक’ म्हणतात त्या दफ्तराकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार?

हे सगळे पाहायला माणूस नव्हता काय? माणसे पुष्कळ होती. वनरक्षक आहे, वनपाल आहे, रेंजर आहे, त्याच्यावर साहेबांची उतरंड आहे. वनरक्षकाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. अपुऱ्या पगारात, हातात काठी घेऊन तो जे करतो ते पुष्कळ आहे. पण या सबंध उतरंडीत एक खुर्चीच नाही. या जमिनीवर यंदा किती माद्यांनी अंडी घातली, किती पिल्ले जगली, आणि जगली नसतील तर का, हे सांगणे हेच ज्याचे काम. आणि त्या उत्तराप्रमाणे पुढच्या वर्षी जमिनीचा वापर बदलण्याचा ज्याला अधिकार, असा माणूस आपण नेमलेलाच नाही. व्याघ्र प्रकल्पांत जीवशास्त्रज्ञ घेतात खरे, पण बहुधा करारावर. तो कॅमेरे लावतो, तक्ते भरतो, अहवाल लिहितो. सही दुसऱ्याची. करार संपला की त्याची वही त्याच्याबरोबर जाते. साहेबांतही जाणती माणसे असतात, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत शिकून आलेली असतात. पण माळाची नीट ओळख होते न होते तोच बदलीचा हुकूम येतो.

ग्वाल्हेरकडच्या वाचकांना करेऱ्याचे नाव सांगायला नको. शिवपुरी जिल्ह्यात १९८१ साली सोनचिरैयासाठी, म्हणजे आपल्या माळढोकासाठीच, अभयारण्य झाले. त्यात शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी मोठ्या प्रमाणात आल्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली. संरक्षण मिळताच काळविटे वाढली आणि पिकांत उतरली. शेतकरी चिडला. त्याचा राग काळविटांवर आणि सरकारवर; भोगले मात्र सोनचिरैयाने. १९९० च्या दशकात ती तिथून नाहीशी झाली. काळविटांचे कळप काही एका रात्रीत वाढत नाहीत. दरवर्षी मोजणारा, वाढ दिसताच गावकऱ्यांत जाऊन बसणारा, नुकसानीचे पैसे पुढच्या पेरणीच्या आत हातात पडतील अशी तजवीज करणारा एक अधिकारी तिथे कायम असता तर सोनचिरैया वाचलीच असती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण निदान ती कशाने चालली आहे हे ती जाण्याआधी कळले असते.

भरतपूरची गोष्ट याहून बोलकी आहे, आणि ती विद्वानांनाही टोचणारी आहे. तिथल्या पाणथळीत पिढ्यान्‌पिढ्या गावांच्या म्हशी चरत. पक्ष्यांच्या भल्यासाठी त्या बंद व्हाव्यात, असे सालिम अलींसारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञाचेही मत होते. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई बंद झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. त्याच सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे सुमारे दहा वर्षांचा अभ्यास चालवला होता. त्यात निघाले काय? म्हशी गेल्या आणि पास्पॅलम नावाचे पाणगवत मोकाट सुटले. बदकांना लागणारे उघडे पाणी त्याने झाकून टाकले. म्हशी पक्ष्यांच्या वैरी नव्हत्या, त्या तिथल्या बिनपगारी कामकरी होत्या! ज्यांनी चराई बंद करायला सांगितले त्यांच्याच संस्थेने मोजून दाखवले की ती चूक होती, यात त्या संस्थेचा मोठेपणा आहे. म्हणूनच ‘तज्ज्ञांना बोलवा’ एवढ्यावर माझे समाधान होत नाही. तज्ज्ञ तिथे होतेच. हवा आहे तो दरवर्षी मोजत राहणारा, आणि मोजमाप उलटे निघाले की हुकूम उलटा करू शकणारा माणूस.

असे पद जगात कुठे आहे काय? आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात हॉरिकॉन नावाची अफाट पाणथळ आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीसाठी ती नाले खणून कोरडी केली. शेती फसली आणि खालची वाळलेली दलदलीची माती धुमसत राहिली. १९२७ साली कायदा करून तिचे पाणी परत आणायचे ठरले. आज तिचा दक्षिणेकडचा भाग राज्याकडे आहे, उत्तरेकडचा केंद्राकडे. अशा सार्वजनिक जमिनींवर तिथे वन्यजीव-शास्त्रज्ञ कारभारी असतो. पाहुणा संशोधक नव्हे. वसंतात कोणत्या बांधातले पाणी उतरवायचे, म्हणजे चिखलात बदकांच्या खाण्याचे बी रुजेल. शरदात ते पुन्हा कधी भरायचे. पाणकणसे माजली तर कुठे कापायची, कोणत्या तुकड्याला मुद्दाम आग लावायची, हे तो ठरवतो. हाताखालच्या माणसांची हजेरी, बिघडलेला ट्रॅक्टर, शेजारच्या शेतकऱ्याची तक्रार, शिकाऱ्यांची भांडणे, खर्चाचा ताळेबंद हेही त्याच्याच गळ्यात. आपल्या डोळ्यांपुढे गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारा जो तरुण येतो तसा हा नसतो. हा बराचसा पाटील असतो आणि थोडासा प्राध्यापक.

त्याचा पगार कुठून येतो, तेही पाहण्यासारखे आहे. १९३७ सालच्या कायद्याने तिथे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचे पैसे राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठीच मिळतात. आणि राज्याने शिकारपरवान्यांचे उत्पन्न दुसरीकडे वळवले तर ते बंद होतात. शिकार आपल्याला नको. १९७२ च्या कायद्याने ती आपण बंद केली, हे चांगलेच झाले. पण ‘पैसे नाहीत’ ही सबबही आपल्याला शोभत नाही. जंगल तोडणाऱ्या प्रकल्पांकडून वसूल होणाऱ्या भरपाईसाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा झाला, मोठा निधी साठला. त्या कायद्याच्या नावातच वनीकरण असल्यामुळे मुख्य भर खड्डे खणण्यावर आणि रोपे लावण्यावर. म्हणजे एकीकडचे जंगल तोडल्याचे प्रायश्चित्त म्हणून दुसरीकडचा माळ मोडायचा!

आता काही सज्जन म्हणतील, शास्त्रज्ञ कशाला, धनगराला विचारा. त्याला सगळे ठाऊक असते. अगदी बरोबर. लांडग्याची वीण कुठे झाली, हे धनगराइतके कुणालाच ठाऊक नसते. पण त्याला विचारणे हे आज कुणाचे काम आहे? त्याने सांगितलेले कोण लिहून घेतो, ताडून पाहतो, आणि त्यावरून चराईची तारीख बदलतो? धनगराला विचारायचे आहे म्हणूनच ही खुर्ची हवी.

आणि इथे आपल्या घरांचा संबंध येतो. खानापूर तालुक्यातले भीमगड, पलीकडे गोव्याचे म्हादई, वर दोडामार्गकडे तिळारी, हा रान म्हणून एकच मुलूख आहे. कागदावर तो तीन राज्यांत वाटला गेला आहे. भीमगडच्या बारापेडे गुहांत राहणारे रॉटनचे वटवाघूळ अनेक वर्षे साऱ्या जगात तेवढ्याच ठिकाणी माहीत होते. म्हादईत जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. वाघाला सीमा कळत नाही, हे वाक्य भाषणांत फार झाले. आपल्या मुलांना मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भाषा कळतात. गवळ्याशी मराठीत बोलेल, कचेरीत कन्नडमध्ये टिपण लिहील, गोव्याच्या माणसाला कोकणीत गाठेल, असा कारभारी शोधायला दिल्लीला जावे लागणार नाही. तो आपल्याच गल्लीत आहे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली आपली मुलगी बी.एड. करते नाहीतर औषध कंपनीत लागते. का? तिच्या विषयाला सरकारदरबारी खुर्चीच नाही म्हणून.

माळढोक आज देशात दीडशेच्या आसपास उरले असावेत, बहुतेक राजस्थानात. २०१९ पासून त्यांची अंडी उचलून यंत्रात उबवणे चालू आहे. ते व्हायलाच हवे. पण मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते, तेव्हा तिथे गुरे नकोत आणि पुढे गवत फार माजूही नये, एवढे सांभाळणारा माणूस चाळीस वर्षांपूर्वी नेमणे यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त पडले असते.

तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आमदारांकडे मागायचे ते वृक्षारोपणाचा आणखी एक कार्यक्रम नव्हे, तर एक जाहिरात. प्रत्येक अभयारण्यासाठी एक वन्यजीव-शास्त्रज्ञ, पद कायम, निदान पाच वर्षे बदली नाही, स्वतःचा खर्चाचा अधिकार, स्थानिक दोन्ही भाषा अनिवार्य. मुलाखत कचेरीत घेऊ नये. जूनच्या पहिल्या आठवड्यात उमेदवाराला माळावर न्यावे आणि विचारावे: या तुकड्यात गुरे कधी सोडायची, कधी नाही, आणि हे तुम्ही कशावरून सांगता?