सांभाळणाऱ्याची मजुरी कोण भरणार?

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील तरुण मुंबईला जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे. अशा एखाद्या आईला स्मृतिभ्रंश जडला, चूल पेटती ठेवून ती रानात निघून जाऊ लागली, की घरातील एकाला काम सोडावे लागते. बहुधा सुनेला किंवा लेकीला. शेतावरचा अथवा महाडच्या कारखान्यातला तिचा रोज बुडतो तो बुडतोच.

पासष्टी ओलांडलेल्या आईला श्रावणबाळ योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला १,७५०, दाखवावे लागते. एवढ्यात कोणते कुटुंब जगते, हे तहसील कचेरीलाही ठाऊक आहे! शिवाय ही रक्कम वार्धक्याची; सांभाळणारीच्या वाट्याला काही नाही.

शासनाला हा आजार अपरिचित आहे असे मात्र नव्हे. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यास ज्येष्ठ पालकाच्या स्मृतिभ्रंशावरील उपचारखर्चापोटी एक लाखापर्यंत वजावट मिळते. ज्याचे उत्पन्न करापर्यंत पोहोचतच नाही, त्याच्यासाठी २००७ चा कायदा आहे : आईबापांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. न टाकणाऱ्यासाठी त्यात एका पैचीही तरतूद नाही.

केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये देण्याची योजना आखली. रक्कम तुटपुंजी खरी, पण ते श्रम आहेत हे तरी मान्य झाले. महाराष्ट्राने असे साहाय्य सुरू करावे आणि त्यात चालत्याफिरत्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरेही धरावीत. महाड-पोलादपूरच्या कार्यकर्त्यांनी वाडीवार अशा घरांची यादी करून ती तहसीलदारांपुढे ठेवावी.