मेट्रो आली, भाव वाढला. कर कोण भरतंय?

घाटकोपर स्टेशनवर सकाळी मेट्रोच्या रांगेत उभं राहता ना? मग एक हिशेब करून बघा. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि स्टेशनजवळच्या जागांना आणखी भाव आला. त्यासाठी जमीनमालकांनी काय केलं? काहीच नाही.

म्हणूनच अनेक अर्थतज्ज्ञ जमिनीवरच्या कराची बाजू घेतात. इमारतीवर जास्त कर लावला तर बांधकाम कमी होईल, कारखान्यावर लावला तर तो दुसरीकडे जाईल. पण घाटकोपरची जमीन उचलून पनवेलला नेता येईल का? हेन्री जॉर्ज या अमेरिकी विचारवंताने १८७९ मध्येच हा कर सुचवला होता.

आपल्याकडे महापालिकेने २०१० पासून मालमत्ता कर भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर लावला. मोकळ्या जमिनीवर पुढे किती बांधता येईल, तेही नियमांत धरलं. हे नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जागा आज जशी आहे त्यावरच कर, उद्याच्या शक्यतेवर नाही. कायद्यात तशी तरतूदच नव्हती. पण परिणाम बघा: मोक्याचा प्लॉट नुसता अडवून ठेवणं स्वस्त पडतं.

आता घर घेणाऱ्याचं बघू. मुंबईत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, त्यातला १ टक्का मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी. म्हणजे एक कोटीच्या फ्लॅटवर सहा लाख! मेट्रोमुळे वाढलेला भावही तोच मोजतो, वर अधिभारही तोच भरतो. सप्टेंबर २०२० मध्ये हे शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं, तेव्हा घरांची नोंदणी धडाधड वाढली. काहींनी खरेदी फक्त लवकर उरकली असेल, पण या कराने व्यवहार अडतात हे दिसलंच.

मग जुन्या इमारतीत पेन्शनवर जगणाऱ्या आजींचं काय? प्रश्न रास्त आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तो तसाच राहू द्या. मोठ्या मोकळ्या प्लॉटवर कर वाढवा आणि तेवढंच मुद्रांक शुल्क उतरवा.

हा कायदा विधिमंडळातच बदलू शकतो. उद्या घर शोधायला तुम्हीच निघणार आहात. तेव्हा मत मागायला आलेल्या उमेदवाराला एवढंच विचारा: घर घेणाऱ्यावर कर जास्त का, आणि जमीन अडवणाऱ्यावर कमी का?