अपील कोल्हापुरात, तपास सोलापुरात

सोलापूरच्या सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्धचे अपील १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाते. अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तुरुंगात असलेल्यांच्या आप्तांची मुंबईपर्यंतची फरफट थांबली, हे स्वागतार्हच आहे. मात्र अपिलात शिक्षा कशाच्या आधारे बदलते, याचाही विचार सोलापूरकरांनी केला पाहिजे.

हेरॉइन स्वतःच्या सेवनापुरते असल्याचे आरोपीला सिद्ध करता आले नाही, तर १९८५च्या एनडीपीएस कायद्यानुसार चिमूटभर पुडीलाही किमान दहा वर्षांची शिक्षा होती. अटलजींच्या सरकारने ही विसंगती दूर केली. २ ऑक्टोबर २००१पासून वजनानुसार शिक्षा ठरू लागली. परंतु ज्यांची अपिले त्या दिवशी प्रलंबित होती, त्यांना हा लाभ नाकारण्यात आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली बशीर खटल्यात ती तरतूद वैध ठरवली. पुढे वजन शुद्ध अंशाचे धरावे की संपूर्ण मिश्रणाचे, यावर २००८ साली एक उत्तर मिळाले, तर २०२०च्या हिरा सिंग खटल्यात नेमके उलट. पुडी तीच, शिक्षा मात्र दिनदर्शिकेवर! अशाने कायद्याविषयीचा आदर वाढत नाही.

म्हणून विषाच्या व्यापाऱ्यांना मोकळे सोडावे, असे मुळीच नव्हे. मोहोळ तालुक्यातील चिंचोळी एमआयडीसीत २०१६ साली ठाणे पोलिसांनी १८ टनांहून अधिक इफेड्रिन पकडले. ऑक्टोबर २०२३मध्ये तेथेच मुंबई गुन्हे शाखेने मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला. दोन्ही वेळा छापा बाहेरच्या पोलिसांनी घातला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. विणकर आणि विडी कामगारांच्या कष्टावर उभ्या राहिलेल्या या नगरीची तरुण पिढी अशांच्या हाती देणे हा समाजद्रोहच ठरेल.

पण असा व्यापारी अपिलात सुटतो तो कायदा सौम्य म्हणून नव्हे, तर पंचनामा कच्चा म्हणून. अंगझडतीपूर्वी आरोपीला त्याचा हक्क सांगितलेला नसतो, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेतलेले नसतात. नामांकित वकील नेमके तेवढेच हेरतो. वकील लावण्याची ऐपत नसलेला व्यसनी पोरगा मात्र आतच राहतो. अल्प प्रमाणासह सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने उपचार स्वीकारल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ याच कायद्यात आहे. ते किती पोलीस ठाण्यांत सांगितले जाते? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने अशा बंद्यांपैकी कोणाचे अपील दाखलच झालेले नाही, याची यादी आधी करावी. आणि जप्तीचा प्रत्येक पंचनामा कोल्हापुरात उलटतपासला जाणार आहे, हे गृहीत धरूनच सोलापूरच्या पोलिसांनी तो लिहावा.