उतरती दृष्टी आणि भिंतीचा रंग

पावसाळा सरला की अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन या परिसरात घरे रंगवण्याची लगबग सुरू होते. हस्तिदंती, मलई, बदामी, फिकट वाळूचा अशा जवळजवळ सारख्या छटा समोर आल्या की निवड अवघड होते. घरात वयोवृद्ध व्यक्ती असेल, तर हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुलीही लहान राहते. विशीच्या तुलनेत साठीत दृष्टिपटलापर्यंत साधारणतः एकतृतीयांश प्रकाशच पोहोचतो. त्यामुळे मलई आणि हस्तिदंती यांतील सूक्ष्म भेद आजी-आजोबांना जाणवेलच असे नाही. भिंत, दाराची चौकट आणि दिव्याचे बटण यांतील भेद मात्र त्यांना स्पष्ट दिसायलाच हवा. रात्री उठल्यावर दार चाचपडत शोधावे लागले, तर पडण्याचा धोका वाढतो. म्हणून दोन छटांपैकी उजळ छटा भिंतीला द्यावी, चौकट गडद तपकिरी ठेवावी आणि पांढऱ्या बटणांभोवती गडद पट्टी रंगवावी.

नमुना दुकानातील दिव्याखाली पारखू नका. नारळी-पोफळीच्या वाडीतील खोलीत प्रकाश पानांतून गाळून येतो; तेथे मलई रंग हिरवट, मळकट भासू शकतो. समुद्राकडे, पश्चिमेला उघडणाऱ्या खोलीत तोच रंग सायंकाळी अधिक पिवळा दिसतो. दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो भिंतीशी उभा करा आणि सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली पाहा. अखेरचा कौल त्या खोलीत राहणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या पलंगावरून द्यावा.

मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना चकाकी त्रास देते. म्हणून चकचकीत रंगाऐवजी धुता येण्याजोगा, मंद झळाळीचा रंग बरा. भिंतीत ओल असेल, तर आधी तिचे कारण दूर करून भिंत पूर्ण वाळू द्या. अन्यथा बुरशी पुन्हा येईल आणि दमेकऱ्याला ती बाधेल. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्यापूर्वीचे थर खरवडताना ते ओले करूनच काढावेत. काम चालू असताना आणि वास जाईपर्यंत ज्येष्ठांची व मुलांची निजण्याची सोय दुसऱ्या खोलीत करावी.