बंदी नको, नंबर हवा

जुलै २०२४ मध्ये मराठवाड्याच्या आकाशात रात्री ड्रोन दिसू लागले आणि गावंच्या गावं जागी राहिली. टेहळणी चोरांची की आणखी कुणाची, हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. तेव्हापासून गंगापूर तालुक्यात कायगाव टोक्याच्या पुलापासून लासूर स्टेशनच्या बाजारापर्यंत एक मत सहज कानी पडतं: हौशी पोरांचे ड्रोन सरसकट बंद करा, निदान लायसनशिवाय उडवू देऊ नका.

भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. टेहळणीला आलेला चोर परवाना काढून येत नाही. बंदी घातली तर ती पाळेल तो शिवारात ड्रोन उडवणारा कॉलेजचा विद्यार्थी. शिवाय प्रसंगापुरती बंदी कायद्यात आहेच. ड्रोन नियम २०२१ नुसार पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन ठरवू शकतो. असं हत्यार हाताशी असताना बारमाही बंदी कशाला?

लायसनच्या मागणीचं उत्तर वजनात आहे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. १२० मीटरवरून पडणाऱ्या २ किलोच्या यंत्रात पाव किलोच्या यंत्राच्या आठपट ऊर्जा असते. म्हणून नॅनोला पायलट प्रमाणपत्र लागत नाही आणि हौसेखातर उडवलेल्या मायक्रोलाही लागत नाही. तोच मायक्रो लग्नाच्या शूटिंगला पैसे घेऊन उडवला की लागतं. फवारणीचा ड्रोन स्मॉल गटातला असेल तर लागतंच. अठरा वर्षं पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण, या त्याच्या अटी.

यावर बिनतोड वाटणारा आक्षेप असा की २४९ ग्रॅमचा कॅमेराही परसात डोकावतोच. डोकावतो. पण चोरून चित्रण करण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे आणि तिथे यंत्राचं वजन विचारत नाहीत. वजनाची पायरी अपघातासाठी आहे. तिच्यावर अब्रूच्या रक्षणाचं ओझं टाकू नये.

आता हौशी मंडळींकडे वळू. ‘नॅनो म्हणजे मोकळं रान’ हा त्यांचा समज तितकाच खोटा. सूट प्रमाणपत्रातून आहे, नोंदणीतून नाही. युनिक आयडेंटिफिकेशन नंबर नॅनोलाही हवा. परदेशी तयार ड्रोनची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, त्यामुळे चोरबाजारातून आणलेल्या यंत्राला तो नंबर मिळवणं अवघडच. चिकलठाणा विमानतळापासून गंगापूर लांब आहे, म्हणून ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पण उडवण्याआधी नकाशा पाहणं चुकत नाही.

गावाला हवी ती ओळख. रात्री मोटारसायकल दिसली म्हणून कुणी मोटारसायकलींवर बंदी मागत नाही, नंबर पाहतो. ड्रोनचंही तेच व्हावं. तालुक्यातल्या हौशींनी आपापले नंबर आपणहून पोलीस ठाण्यात आणि पोलीस पाटलाकडे द्यावेत, उडवण्याआधी गावात सांगावं. मग रात्री दिसलेला ड्रोन आपल्यातला की परका, हे एका फोनवर कळेल आणि परका असेल त्याच्यामागे पोलिसांना लगेच लागता येईल. सरसकट बंदीत मात्र दोघेही सारखेच बेकायदा ठरतात आणि खरा चोर त्या गर्दीत लपतो.